माऊस थांबला की...

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी मीच फिदीफिदी हसायचो. आता कुणी हसलं की मी उठून पाणी प्यायला जातो.

आणखी एक. अशा गोष्टी मध्यरात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

रविवार होता. कडक ऊन होतं आणि खाली कुणीतरी रेडिओ लावून गाडी धूत होतं. जागा म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचं घर. तिसरा मजला, हॉल, किचन, बेडरूम आणि एक चिंचोळी बाल्कनी. घाबरावं असं त्या घरात काहीही नव्हतं.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मी व्हर्च्युअल टूर बनवतो. विकायला काढलेली घरं, शाळा, हॉटेलं यांचे चहूबाजूंचे फोटो काढायचे, जोडायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. बघणारा घरबसल्या माऊस फिरवत आत हिंडतो. मध्ये मध्ये ठिपके असतात. ठिपक्यावर माऊस थांबला की एक छोटी चौकट उमटते आणि एखाद्या ओळीत माहिती देते. माऊस हलवला की ती जाते. तिला टूलटिप म्हणतात.

माझी वहिनी तिला पाटी म्हणायची.

वहिनी माझी भागीदार होती. फोटो माझे, पाट्या तिच्या. सुरुवातीला मी 'बेडरूम', 'किचन' असं लिहायचो, तेव्हा तिने माझी पार बिनपाण्याने केली होती.

"भाऊजी, पलंग दिसतोय की लोकांना. त्यावर बेडरूम काय लिहिता? आंधळे आहेत का सगळे?"

ती लिहायची, 'इथे दुपारी पडलात तरी डोळ्यांवर ऊन येत नाही.' नाहीतर, 'ही खिडकी जरा रुसते, जोरात ओढा.' घरमालक आधी नाक मुरडायचे. मग घर विकलं गेलं की फोन करून वहिनीलाच मागायचे. मला कुणी विचारायचं नाही.

शब्द सापडत नसला की ती नखाने टेबलावर ठोकत बसायची. टक... टक... टक. सापडला की थांबायची.

"वहिनी, सुतारपक्षी झालीयेस नुसती."

"मग तुम्ही शोधा शब्द, मी झाडावर जाते."

पाटी दिसते कशी, यावरही तिचंच राज्य. रंग, अक्षर, कडा हे सगळं मी एका वेगळ्या सीएसएस फाईलमध्ये ठेवलं होतं. ती फाईल टूरच्या बाहेर, सर्व्हरवर असते. टूर्स पुष्कळ, फाईल एकच. तिच्यात एक ओळ बदलली की आमच्या झाडून सगळ्या टूर्समधल्या पाट्या एका झटक्यात बदलतात. माझा आळशीपणा म्हणा, पण या धंद्यात याला हुशारी म्हणतात.

त्या फाईलमध्ये वहिनीने हट्टाने एक ओळ घालायला लावली होती. माऊस थांबला की पाटी लगेच यायची नाही. क्षणभर दम धरायची, मग हळूच उमटायची.

"पाटीने अंगावर धावून जाऊ नये," ती म्हणाली होती. "जो थांबेल त्यालाच दिसू दे."

गेल्या वर्षी वहिनी गेली.

साधा ताप वाटला होता. मग हॉस्पिटल, मग वरच्या मजल्यावरची खोली आणि मग काहीच नाही. दादा आणि ती दोघंच होते त्या घरात. त्यानंतर दादाच्या तोंडून शब्द निघायचा तो कामापुरता.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. पायाला भिंगरी असलेला माणूस. फोन आला की ताटावरून उठून जाणारा. वहिनी थट्टेत म्हणायची, माझं लग्न याच्या पाठीशी झालंय, तोंड क्वचित दिसतं.

एक दिवस तो माझ्या ऑफिसात आला. बसला नाही. दारातच म्हणाला, "घर विकायचंय. टूर बनव."

"दादा, थोडं थांबू या का?"

"मला तिथे झोप लागत नाही. बनव म्हटलं ना."

म्हणून त्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गेलो. दादा कामावर होता. घरात मी एकटा.

आमच्या कॅमेऱ्याला चारी दिशांचं दिसतं. त्यामुळे फोटो काढणाऱ्याला लपावं लागतं. कॅमेरा खोलीच्या मधोमध उभा करायचा, आपण बाहेर जायचं, दार लोटायचं आणि मोबाईलवरून बटण दाबायचं. लपाछपीच ती. इतकी वर्षं मी अनोळखी घरांत असा दारामागे उभा राहिलोय.

हॉल झाला. किचन झालं. बेडरूममध्ये कॅमेरा लावला, बाहेर आलो, दार लोटलं.

आणि आतून...

टक... टक... टक.

मला वाटलं कॅमेऱ्याचा पाय सरकला. मी श्वास रोखून उभा राहिलो.

टक... टक...

मग थांबलं.

दार उघडलं. कॅमेरा जागच्या जागी. पलंग, कपाट, तिची उशी. उशीवरचा अभ्रा दादाने बदललेला नव्हता. खाली रेडिओ चालूच होता. मी सामान आवरलं आणि बाल्कनीचा फोटो न काढताच निघालो. खोटं कशाला बोलू, माझी तंतरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात बसून फोटो जोडले. पाट्या लिहायची वेळ आली तेव्हा हातच चालेना. ते तिचं काम होतं. शेवटी मी मुकाट्याने 'हॉल', 'किचन', 'बेडरूम' लिहिलं. वर कुठे असली तर तिने कपाळावर हात मारला असेल, असं मनात आलं आणि रडूही आलं.

टूर उघडून तपासायला लागलो. हॉलवर 'हॉल' आलं. किचनवर 'किचन'. ठीक होतं. पाणी प्यायला माऊसवरचा हात काढला. माऊस किचनच्या खिडकीवर राहिला होता. तिथे ठिपका नव्हता. मी तिथे काहीच ठेवलं नव्हतं.

तिथे... हळूच... एक पाटी उमटली.

'इथे तो उभ्यानेच चहा पितो. बस म्हटलं तरी बसत नाही.'

पाणी प्यायचं राहूनच गेलं.

पहिल्यांदा वाटलं, तिचं जुनं काहीतरी मिसळलं असेल. पण हे घर आम्ही कधीच केलं नव्हतं. मी टूर आतून उलटीपालटी करून शोधली. ते वाक्य कुठेच नव्हतं. सीएसएसची फाईल उघडली. तिथे फक्त रंग, कडा आणि ती दम धरायची ओळ. मजकुराचा मागमूस नाही.

माऊस बेडरूममध्ये नेला. कपाटाच्या माथ्यावर थांबवला. थांबलो.

'जाड पांघरूण इथे वर आहे. तो शोधणार नाही, तसाच कुडकुडेल.'

बाहेरच्या दारावर नेला.

'किल्ली खिशातच असते. आधी खिसा बघावा, मग घर डोक्यावर घ्यावं.'

मी हसलो. खरंच सांगतो, त्या भीतीतही मला हसू फुटलं, कारण ते शब्द तिचे होते आणि खोड दादाची होती. पाट्या घराच्या नव्हत्याच. सगळ्या त्याच्या होत्या.

मग माऊस तिच्या उशीवर थांबला. तिथे उमटायला जरा जास्तच वेळ लागला.

'त्या दिवशी मी म्हणत होते की...'

पुढे काही नाही.

मी दादाला फोन केला. हातातलं काम टाकून ये म्हटलं. आला. नेहमीसारखा उभाच. मी त्याला जबरदस्तीने खुर्चीत बसवलं, माऊस त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या कानाखाली वाजवली होती.

त्याने माऊस फिरवला. खिडकी, कपाट, दार, उशी, परत खिडकी. भराभर. एका जागी त्याचा हात ठरेना.

काही आलं नाही.

"दादा, थांब जरा. हलवू नकोस."

"थांबलोय की!" पण हात हलतच होता. शेवटी त्याने माऊस टेबलावर आपटला. "तुला थट्टा सुचते? तिच्या नावाने? लाज वाटत नाही?"

तो उठला. दाराशी पोचला.

आणि टेबलावरून...

टक... टक... टक.

मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. टेबलाजवळ दुसरं कुणी नव्हतं.

दादा तिथेच भिंतीला टेकला. हळूहळू खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं जमिनीवर बसलेलं बघितलं. मग तो बोलायला लागला. इतके महिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते.

त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, खालून इंजेक्शन आणा म्हणून. वहिनीने त्याच्या शर्टाचं टोक धरलं. म्हणाली, थांब ना, मला एक सांगायचंय. तो म्हणाला, आलोच. तिने सोडलं नाही. त्याने तिची बोटं सोडवली. परत म्हणाला, आलोच गं. खाली दुकानात गर्दी होती. मग लिफ्ट येईना. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टसमोर इंजेक्शन घेऊन उभा राहिला. शेवटी जिन्याने धावत वर गेला, तेव्हा नर्स चादर नीट करत होती.

"काय सांगायचं होतं रे तिला?" दादा म्हणाला. "तेवढं बघ ना. तुझ्या पाया पडतो. तेवढंच वाक्य बघ."

मोठा भाऊ धाकट्याला असं म्हणतो तेव्हा माणूस काहीही करेल.

मी केलं ते चुकलं, पण त्या घडीला मला तेच शहाणपण वाटलं. दादाचा हात ठरत नव्हता. पाटी उमटायच्या आतच माऊस पुढे सरकत होता. म्हणजे अडचण त्या दम धरायच्या ओळीची. मी सीएसएस फाईल उघडली आणि ती ओळ खोडली. पाटी लगेच येऊ दे. अक्षर मोठं केलं, ठळक केलं. फाईल सर्व्हरवर चढवली. टूर पुन्हा उघडली.

"आता बघ. जाईल कुठे?"

दादाने माऊस उशीकडे नेला. ठळक अक्षरांत काहीतरी लखकन चमकलं... आणि गेलं. वाचायलाही मिळालं नाही.

त्याने परत नेला. काही नाही. खिडकी, कपाट, दार. काही नाही. मी माऊस घेतला, दगडासारखा स्थिर बसलो. काही नाही. खोडलेली ओळ परत घातली, जुनी फाईल जशीच्या तशी चढवली.

नुसतं घर दिसत होतं. रिकामं.

"घालवलीस," दादा म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने घर विकायचं रद्द केलं. माझे फोन घेईना. मी गेलो तर दार उघडायचा, पाणी द्यायचा आणि बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. वर कपाटावरचं पांघरूण मीच काढून पलंगावर ठेवलं. मला अन्न गोड लागत नव्हतं. सख्खा भाऊ समोर असून नसल्यासारखा.

मग एका सकाळी मला एका बाईंचा फोन आला. एका हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या. त्यांची टूर आम्हीच केली होती, वहिनी धडधाकट होती तेव्हा. पाट्या अर्थातच तिच्या.

बाई चिडलेल्या होत्या. "अहो, तुमच्या टूरमध्ये एक भलतीच पाटी येते. आम्ही सांगितलेली नाही. काढा ती. पेशंटचे नातेवाईक विचारतात."

"कुठे येते?"

"वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. पलंगावर माऊस राहिला की."

ती खोली मला माहीत होती. टूर करताना नव्हे. नंतर, वहिनीला तिथे ठेवलं तेव्हा माहीत झाली होती.

"काय लिहिलंय?"

बाईंचा आवाज खाली आला.

"'आलास?' एवढंच."

फाईल एकच. टूर्स सगळ्या तिला जोडलेल्या. मी एका घरासाठी ती ओळ खोडली आणि ती सगळीकडे खोडली गेली. वहिनीला घरातून बाहेर कुणी काढलं असेल तर मी काढलं. हे माझं म्हणणं आहे, पुरावा काही नाही. कुणाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा, मला बरंच वाटेल.

मी दादाच्या घरी गेलो. लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि ती खोली उघडली. त्याने ओळखली. पलंग, सलाईनचा दांडा, खिडकीतून येणारा उजेड. फोटोत पलंग रिकामा होता.

"मी बाहेर थांबू का?"

"नको. बस इथेच."

त्याने माऊस पलंगावर नेला. आणि माझा दादा, ज्याला उभ्या जन्मात कुणी एका जागी बघितलं नव्हतं, तो थांबला. हात हलला नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

पाटी... हळूच... उमटली.

'आलास?'

"आलो," दादा म्हणाला. "आलो गं. हा बघ, इथेच आहे."

पाटी तशीच होती.

"आलो ना. बोल तू. काय सांगायचं होतं? मी कुठे जात नाही आता."

'आलास?'

तो मोठ्याने बोलला. मग ओरडला. मग स्क्रीनला हात लावून पुटपुटत राहिला. मला बघवेना. माऊस हलला की पाटी जायची, थांबला की यायची, आणि दर वेळी तेच विचारायची. पाटी बोलते, पण तिला ऐकू येत नाही. ती बनवणाऱ्यांनी तशी सोयच केलेली नाही. या धंद्यात मुरलेल्या मला हे त्या दिवशी कळलं.

मी हात जोडून हॉस्पिटलच्या बाईंकडे थोडी मुदत मागितली. तेवढ्यात मला जमेल ते केलं. त्या पलंगाशेजारी मी एक ठिपका ठेवला आणि त्याची पाटी दादाने स्वतः लिहिली. 'आलो. तुझ्याजवळच बसलोय.' लिहिताना शब्दासाठी तो बराच वेळ अडला होता. टूर पुन्हा सर्व्हरवर चढवली, उघडली. त्याची पाटी व्यवस्थित दिसली. शेजारी तिची.

'आलास?'

काही बदललं नाही. दोन पाट्या शेजारी शेजारी. एकीवर माऊस नेला की दुसरी जाते, दोन्ही एकदम कधीच दिसत नाहीत.

दादा आता दुपारी काम घेत नाही. जेवण झालं की लॅपटॉप उघडतो, माऊस पलंगावर ठेवतो आणि बसतो. मध्येच फोन वाजतो. उचलत नाही. एकदा मी म्हटलं, दादा, डोळे तरी मिट जरा. तो म्हणाला, नको, मी डोळे मिटायचो आणि नेमकी तेव्हाच ती सांगून टाकायची.

आज हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण आहे. काल बाईंचा परत फोन आला. हॉस्पिटलचा तो मजला पाडून नवा करणार आहेत. खोलीच राहणार नाही. आमची टूर उतरवणार, नवी दुसऱ्या कुणाकडून करून घेणार. मी विनवण्या केल्या. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या हातात काही नाही. मी त्या खोलीची नक्कल माझ्या मशीनवर उतरवून घेतली. तिच्यात पाटी येत नाही. कितीही थांबलं तरी येत नाही.

टूर उतरली की वहिनी कुठे जाईल मला माहीत नाही. आमच्या टूर्स कुठे कुठे लागल्या आहेत, आता तर मलाही नीट आठवत नाही. किती घरं विकली गेली, किती शाळांनी नाव बदललं. कुठल्या तरी परक्या खोलीत, परक्या पलंगापाशी ती पुन्हा विचारत बसेल आणि समोरचा माणूस घाबरून माऊस हलवेल.

दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याच्याच घरी बसून लिहितोय, आतल्या खोलीतून त्याचा आवाज येतोय. "आलो गं," म्हणतोय.

म्हणून तुम्हाला सांगतो. घर बघायला म्हणून अशी एखादी टूर उघडलीत आणि जिथे ठिपका नाही अशा जागी माऊस राहिला... आणि हळूच एक पाटी उमटली... तर भिऊ नका. ती कुणाचं वाईट करायची नाही, जिवंतपणीही तिने केलं नाही. लगेच माऊस हलवू नका. फक्त ती जागा कुठली आहे तेवढं मला कळवा.

दादा लगेच निघेल.